करंगळीचा टेका

माणसानं घमेंड कशाची करावी याला काही हद्द असते. मला माझ्या सरळ रेघेची होती. खोटं कशाला बोलू, अजून आहे, पण आता जपून वापरतो.

मी कय्युम. क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत कुणालाही विचारा, कय्युम पेंटर म्हटलं की दुकान दाखवतील. दुकानांचे बोर्ड, गाड्यांच्या नंबर प्लेटा, शटरं, शाळेच्या भिंती, सगळं मी रंगवलंय. मराठी, उर्दू, इंग्रजी, तिन्ही याच हातानं. फ्लेक्स आला आणि निम्मे पेंटर रिक्षा चालवायला लागले, मी टिकलो. कशावर टिकलो, तर घमेंडीवर. पट्टी न लावता दहा फुटांची रेघ ओढायची आणि गिऱ्हाइकाला म्हणायचं, लाव तुझा दोरा आणि बघ. आजवर एकानंही चूक काढली नाय. शहराचं नाव बदललं तेव्हा तर लई काम आलं. नवं नाव लांब आणि बोर्ड जुन्याच मापाचे, त्यात अक्षरं बसवायची कशी ते माझ्याकडून शिकावं.

घरात आम्ही दखनी बोलतो. तुम्हाला मराठीत सांगतो, कारण अनवरीच्या तोंडची दखनी जशीच्या तशी सांगितली तर माझी उरलीसुरली इज्जत जाईल. अनवरी म्हणजे माझी बायको.

आता खानदानाचं ऐका. आमच्या घरात दारूचा थेंब कुणी चाखलेला नाय, आणि तीन पिढ्या आम्ही दारुडे म्हणून मशहूर आहोत. दादा, म्हणजे अब्बांचे अब्बा, पाच वक्ताचे नमाजी. पंचेचाळिशीत त्यांचे पाय फाकून पडायला लागले, जीभ जड झाली. लोक म्हणाले, मियाँ प्यायले. एकदा ते मशिदीच्या पायरीवर पडले, तर उचलायच्या आधी लोकांनी तोंडाचा वास घेऊन बघितला. मग अब्बांचं तेच झालं. मग माझे थोरले भाऊ, उजैर भाईजान. चिकलठाण्याला एका कारखान्यात पंधरा वर्षं सुपरवायझर होते. तिथं जमिनीवर पिवळा पट्टा असतो, त्याच्या आतून चालायचं असतं. चाळिशी उलटली आणि भाईजान पट्टा सोडून चालायला लागले. गेटवर तोंडात नळी देऊन फुंकायला लावलं. नळी म्हणाली शून्य. साहेब म्हणाले, नळी बिघडलीय. भाईजान घरी आले ते कायमचेच.

आजाराचं नाव पुढं मोठ्या दवाखान्यात कळलं. लई लांब नाव आहे, बोर्डावर लिहून देईन पण तोंडानं घेणार नाय. डोक्याच्या मागं लहान मेंदू असतो, तो शरीराचा तोल सांभाळतो, आणि आमच्यात तो हळूहळू झिजत जातो. हा आजार आईबापाकडून येतो. ज्याला आहे त्याच्या प्रत्येक लेकराला निम्मा धोका. औषध अजून निघालेलं नाय. भाईजान आता खुर्चीत बसून असतात, त्यांना मूलबाळ नाय. मी त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान. मला एक मुलगी, खुशनुमा.

दोन वर्षांमागं भाईजानना बघायला दीपमाला मॅडम घरी आल्या. गारखेड्यात आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून त्यांचं संशोधनाचं केंद्र आहे. मला वाटलं भाईजानसाठी आल्या असतील. चहा होईपर्यंत त्या माझ्याकडंच बघत होत्या. मग म्हणाल्या, "कय्युमभाई, आम्हाला तुमची गरज आहे. ज्यांच्या घरात हा आजार आहे पण स्वतःला अजून काहीच होत नाही, अशी माणसं पाहिजेत."

त्यांनी नीट समजावलं. पाय अडखळायला लागतात त्याच्या कितीतरी वर्षं आधी शरीरात काहीतरी बदलायला लागलेलं असतं. मेंदूतल्या तारा झिजतात आणि त्यांचा चुरा रक्तात उतरतो. डोळे किंचित अडखळतात, हाताची आणि चालण्याची लय किंचित बिघडते, पण ते माणसाला कळत नाय. त्या खुणा आधीच ओळखता आल्या, तर उद्या औषध निघाल्यावर ते कुणाला आणि कधी सुरू करायचं हे कळेल. म्हणून दर सहा महिन्यांनी यायचं, रक्त द्यायचं, चालून दाखवायचं, लिहून दाखवायचं.

"आणि मला हा आजार आहे का नाय, ते कळेल?" मी विचारलं.

"ते रक्तातून आजही कळतं. पण जाणून घ्यायचं का, हे तुम्ही ठरवायचं. नको म्हणालात तर निकाल पाकिटात बंद राहील, मीसुद्धा उघडणार नाही. जेव्हा मागाल तेव्हा आधी आमच्या समुपदेशकांशी बोलायचं, मगच पाकीट."

"मला नसेल तर?"

"तर खुशनुमाला नाही. हा आजार मधली पिढी गाळून पुढे जात नाही."

हे एक वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं. मी सुटलो की पोरगी सुटली. आणि मी नाय सुटलो, तर तिच्यावर तोच निम्मा धोका. जगाची नावं भिंतीवर लिहिणारा मी, पण पाकिटातलं एक 'हो' किंवा 'नाय' वाचायची माझी हिंमत झाली नाय. मी म्हणालो, पाकीट बंदच ठेवा. अनवरी तिथंच म्हणाली, "भित्रे आहात." मी म्हणालो, "व्हय."

तुलनेसाठी त्यांना घरातलंच पण दुसऱ्या रक्ताचं माणूस पाहिजे होतं, म्हणून अनवरीचंही नाव घेतलं. तिचं म्हणणं असं, की वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी लिहून घेतलं की ती आमच्या खानदानातली नाय, अल्लाचा शुकर.

पहिल्या वेळी आम्ही दोघं स्वच्छ कपडे करून गेलो. डोकं न हलवता पडद्यावरचा लाल ठिपका डोळ्यांनी पकडायचा. नऊ खुंट्या नऊ भोकांत घालायच्या. जमिनीवर एक लांब काळी पट्टी अंथरलेली, तिच्यावर टाचेला बोट लावत चालायचं, जायचं आणि परत यायचं. शेवटी टॅबलेटवर जिलेबीसारखी गोल गोल रेघ काढायची, आतून बाहेर. ती रेघ मी अशी काढली की मॅडम खुर्चीतून उठून बघायला आल्या. "काय हात आहे," म्हणाल्या. माझी वाट लागायला तेवढं पुरलं.

कारण असा हात असलेल्या माणसाचं पाऊल चालताना दोनदा पट्टीबाहेर पडलं होतं. अनवरीचं एकदाही नाय. ती तर चपला काढून, साडीचा बोंगा हातात धरून, हसत हसत चालली होती. मी विचारलं, "मॅडम, किती मार्क?" त्या म्हणाल्या, "इथे पास-नापास काही नसतं." शाळेत सगळे मास्तर हेच म्हणायचे आणि मग निकालाच्या दिवशी छडी काढायचे. मी घरी आलो तो नापास होऊनच आलो.

दुसऱ्या दिवसापासून मी तालीम सुरू केली. आमच्यात हीच रीत आहे. उस्तादनी मला पेंटिंग शिकवलं तेव्हा सहा महिने नुसत्या उभ्या रेघा ओढायला लावल्या होत्या. हात बिघडला की रियाज वाढवायचा, दुसरा इलाज आम्हाला माहीत नाय. पुढच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत आमच्याकडं चौदा फरशांचा बोळ आहे. त्यात निळीत बुडवलेला दोरा ताणून मारला, झकास रेघ उमटली. रोज पहाटे फजरची नमाज झाली की त्या रेघेवरून टाचेला बोट लावत चालायचं, वीस खेपा. माझी चूक मला दिसावी म्हणून खुशनुमाला मोबाइल घेऊन उभी केली. ती तेव्हा अकरावीला होती, डोळ्यांत झोप, केस विस्कटलेले, पण एक दिवस चुकली नाय. खेपा झाल्या की मी विचारायचो, "आज कशी गेली रेघ?" ती म्हणायची, "एकदम सरळ, अब्बा." मग मी चहा प्यायचो.

डोळ्यांचा रियाज दुकानाच्या पायरीवर बसून करायचो. डोकं न हलवता चौकातल्या गाड्या इकडून तिकडं पकडायच्या. एका रिक्षावाल्यानं उतरून विचारलं, काय भाऊ, काही उधारी आहे का आपली. आणि घरी शेजारचे अप्पाराव. ते रिटायर हवालदार. आमचं दार उघडं असायचं, त्यांनी मला रेघेवर चालताना पाहिलं. आठ दिवस काही बोलले नायत. मग एका सकाळी फाटकापाशी हळूच म्हणाले, "कय्युमभाई, मी हायवेवर बारा वर्षं अशीच रेघ मारून लोकांना चालवलंय. ज्यानं घेतलेली नसती त्याला सराव लागत नाय बघा." दादांना वाकडं चालून दारुडा म्हणाले. मला सरळ चालून.

दुसऱ्या वेळी पट्टीवर माझी एकही चूक नाय. तिसऱ्या वेळी एकही नाय, आणि वेळही कमी. रक्त द्यायच्या आधी आठवडाभर मी बीट, खजूर आणि गाजराचा रस घेतला, चुरा कमी दिसावा म्हणून. चुरा कमी झाला का माहीत नाय, माझा घाम मात्र लाल आला असं अनवरी सांगत फिरली. जिलेबी तर माझ्या घरचीच. ती काढताना मी करंगळी पडद्याच्या कडेला टेकवायचो. पेंटर लोकांची ही जुनी युक्ती आहे. करंगळी टेकवली की बाकीचा हात तिच्याभोवती फिरतो, मग तुम्हाला ताप असो, थंडी असो, रेघ हलत नाय. मॅडमना ती कधी दिसली नाय, त्या रेघेकडं बघायच्या.

चौथ्या वेळी, म्हणजे सुरुवातीपासून दीड वर्षानं, अनवरी गुडघ्यामुळं दोनदा पट्टीबाहेर गेली. मी म्हणालो, "तुझंच पाकीट मागवून घे." ती काही बोलली नाय, आणि ती काही बोलत नाय तेव्हा मी गप्प बसायला पाहिजे, हे मला वीस वर्षांत शिकता आलेलं नाय.

मॅडमनी मला आत बोलावलं. समोर कागद होते. "कय्युमभाई, एक विचारू? दीड वर्षात सगळ्यांचे आकडे थोडे उतरले, नाहीतर होते तिथेच राहिले. अनवरीभाभींचेसुद्धा. तुमच्या एकट्याचे वाढलेत."

मी ताठ बसलो. असं वाटलं आता शाल-श्रीफळ देतात.

"तुम्ही सराव करता का?"

आता इथं शहाणा माणूस नाय म्हणाला असता. मी सगळं सांगितलं. निळीचा दोरा सांगितला, वीस खेपा सांगितल्या, गाजर सांगितलं. शेवटी हौसेनं त्यांच्याच टेबलावर करंगळी टेकवून युक्तीही दाखवली. त्या चष्मा काढून डोळे चोळत बसल्या.

"म्हणजे दीड वर्ष मी तुमची कारागिरी मोजत होते," त्या म्हणाल्या. "जे बघायला तुम्हाला बोलावलं तेच तुम्ही झाकून ठेवलंत. तुमचे आकडे मला वापरता येणार नाहीत."

मला राग आला. माझा राग आधी कानांत येतो आणि मग तोंडात. "मॅडम, तुम्हाला खुणा पाहिजेत. मला पोरगी पाहिजे. मी पास झालो की ती सुटते, हे तुम्हीच सांगितलं."

"मी सांगितलं की दोष नसेल तर ती सुटते. सरावानं रक्त बदलत नाही, कय्युमभाई."

हे मला कळत नव्हतं असं नाय. रोज सकाळी पहिल्या फरशीवर उभा राहायचो तेव्हा कळत असायचं, आणि चौदाव्या फरशीपर्यंत मी ते विसरायचो. तेवढ्यासाठीच चालायचो म्हणा ना. पण मॅडमसमोर हरायचं नव्हतं. मी मोबाइल काढला. "हे बघा. रोजचा व्हिडिओ आहे, तारखेसकट. मी फसवून पास झालो नाय, मेहनत करून झालोय."

"रोजचा? किती आहेत?"

"पाचशेच्या वर."

त्या एकदम पुढं सरकल्या. पहिला दाखवा म्हणाल्या. मी दाखवला. मग कालचा. मग मधलेच कुठलेतरी. मी त्यांना रेघ दाखवत होतो, हे बघा टाच, हे बघा बोट. चौदावी फरशी आली की मी पुढचा व्हिडिओ लावायला जायचो, आणि त्या माझा हात थांबवायच्या. "थांबा, चालू द्या."

चौदाव्या फरशीनंतर काय असतं? मी वळतो आणि परत येतो. ते मी कधी बघितलंच नव्हतं. पाचशे दिवस मी माझी रेघ बघत होतो, वळणाकडं कोण बघतो. पण मी नजरेचा धंदा करतो. समोरच्याचे डोळे बोर्डावर कुठं अटकले ते मला सांगावं लागत नाय. मॅडमचे डोळे कुठं अटकले होते तिथं मीही बघितलं.

पहिल्या व्हिडिओत मी स्वयंपाकघराच्या दारात हात मागं बांधून दोन पावलांत वळतो. ऐटीत वळतो, स्वतःचाच राग यावा इतक्या ऐटीत. सातव्या महिन्यात वळताना उजव्या हाताची बोटं फ्रिजला लागतात. एकदा नाय, रोज. पुढं बोटांच्या जागी तळहात येतो, आणि वळायला तीन पावलं लागतात, मग चार. त्यानंतर एका तारखेपासून फ्रिजच्या अलीकडं अनवरीचं शिलाई मशीन आलेलं दिसतं. ते मशीन लग्नापासून खिडकीखाली होतं. आता ते बरोबर वळणावर आहे, बरोबर माझ्या हाताच्या उंचीला, आणि माझा हात त्याच्या फळीवर जातो, टेकतो, मी वळतो.

दुसरं टोक म्हणजे पुढची खोली, जिथं खुशनुमा मोबाइल घेऊन उभी असते. तिथं मशीन नाय. तिथं शेवटच्या सहा महिन्यांतल्या प्रत्येक व्हिडिओत, खालच्या कोपऱ्यात, एक हात दिसतो. तिचा डावा हात. पुढं केलेला, तळवा वर. मला लागू नये इतका लांब आणि मी पडलो तर मिळावा इतका जवळ.

मॅडमनी मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला. "या व्हिडिओवरून मी तुम्हाला काही सांगू शकत नाही, आणि सांगणारही नाही. माणूस भिंतीला हात शंभर कारणांनी लावतो. पाकीट आहे, समुपदेशक आहेत. तुम्ही म्हणाल तेव्हा." मग दबक्या आवाजात म्हणाल्या, "हे व्हिडिओ अभ्यासाला द्याल? घरातलं, रोजचं, दीड वर्षाचं चालणं कुणाकडेच नाही. आम्ही सहा महिन्यांत एकदा बघतो, तेही माणूस सावध असताना."

तीस वर्षं लोकांनी माझं बिनचूक काम मागितलं. चुका कुणी मागितल्या नव्हत्या. मी हो म्हणालो आणि खुर्चीतून उठताना टेबलाला हात लावायचा नाय एवढं बघितलं. तरी लागला.

परत येताना स्कूटरवर मी अनवरीला विचारलं, "मशीन कुणी हलवलं?"

"खुशनुमानं. म्हणाली, अम्मी, तिथं उजेड चांगला आहे." थोडं पुढं गेल्यावर म्हणाली, "तिथं काडीचा उजेड नाय. सुईत दोरा घालायला मी खिडकीशी जाते."

"मग मला बोलली का नाय?"

"तुम्ही कुणाला बोलू देता?" ती नेहमी माझा शर्ट धरून बसते. त्या दिवशी तिनं दोन्ही हातांनी धरला, आणि मला रडू आलं. हेल्मेट होतं म्हणून बरं.

घरी खुशनुमा भाईजानना खिचडी भरवत होती. मी चपला न काढताच विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

तिनं चमचा वाटीत ठेवला. माझ्याकडं बघून तिला सगळं कळलं. "सातवा महिना," ती म्हणाली.

"आणि मला सांगितलं नायस?"

"तुम्ही रोज विचारायचे, आज कशी गेली रेघ. रेघ सरळच गेलेली असायची, अब्बा. वळणाचं तुम्ही कधी विचारलं नाय."

मोठमोठ्या डॉक्टरांचं पडद्यावरचे ठिपके आणि रक्तातला चुरा घेऊन शोधायचं चाललंय, आणि माझ्या घरात केस विस्कटलेली पोरगी ते सकाळी सहा वाजता बघून मोकळी झाली होती. बघून रडली नाय, ओरडली नाय. मशीन ओढून आणलं. ते मशीन लोखंडी आहे, मला एकट्याला हलत नाय.

"अजून एक," ती म्हणाली. "मला मागच्या महिन्यात अठरा पूर्ण झाली. मी पण दीपमाला मॅडमकडं नाव देणार."

मी जे ओरडलो ते अप्पारावांच्या घरापर्यंत गेलं असणार. पोरीच्या जातीला, लग्नाचं वय, कागदावर नाव, जगाला कळलं तर, मी जिवंत आहे तोवर नाय. बापाला जे जे म्हणायची सवय असते ते सगळं मी म्हणालो. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. "पाकीट मला पण नको," ती म्हणाली. "मला भीती वाटते. पण आतापासून मोजून ठेवलं तर कुणाच्या तरी कामाला येईल. कदाचित माझ्याच."

भाईजानची जीभ आता लई जड झालीय, एकेक शब्द ओढून काढावा लागतो. त्यांनी खुर्चीवर हात आपटला. आम्ही दोघं वळलो. "जाऊ दे तिला," ते म्हणाले. मग बराच वेळ लावून म्हणाले, "माझ्या वेळी... नुसती नळी होती." आणि हसले. मला हसू आलं नाय, पण मी तोंड बंद केलं. माझ्या घरात तेवढंही लई झालं.

बोळातली निळी रेघ मी दुसऱ्या दिवशी फडक्यानं पुसली. मशीन तिथंच राहू दिलं. पाकीट मी अजून मागितलेलं नाय. मागीन कधीतरी. पण दोन पावलांची चार झालेली मला वाचता येतात, त्याला डॉक्टर लागत नाय.

दीड महिन्यानं मॅडमनी आम्हा दोघांना एकाच दिवशी बोलावलं. माझी सुरुवात पहिल्यापासून धरायची होती, बिनसरावाची. मी पट्टीवर चाललो. पाऊल तीनदा बाहेर गेलं. टोकाला वळताना हात आपोआप पुढं झाला, तिथं मशीन नव्हतं, मी हवेतच चार पावलं टाकून वळलो आणि मॅडमनी चार लिहून घेतलं. मी नंतर मार्क विचारले नायत.

मग खुशनुमाची पाळी. ती चालली, सरळ. खुंट्या घातल्या, पटापट. मग टॅबलेट समोर आला. मॅडम यंत्राची वायर बघायला वाकल्या होत्या. खुशनुमानं पेन धरलं, आणि तिची करंगळी जाऊन कडेला टेकली.

ती तिनं मुद्दाम टेकवली नव्हती. पाच वर्षांची असताना दुकानात मांडीवर घेऊन मीच तिला अलिफ आणि 'अ' काढायला शिकवलं होतं. तिची इवलीशी करंगळी पाटीवर दाबून धरायचो आणि म्हणायचो, टेका सोडायचा नाय, टेका सोडला की हात दगा देतो. तेरा वर्षं तिनं सोडला नव्हता.

मॅडमना दिसलं नव्हतं. मी गप्प बसलो असतो तर रेघ सुंदर आली असती. माझ्या हाताची आहे, माहीत आहे मला. कुठलीही खूण दिसली नसती, ना आज, ना पुढची दहा वर्षं. मी खरंच गप्प बसणार होतो. तोंड उघडलं तेव्हा माझं मलाच नवल वाटलं.

"बेटा, करंगळी उचल."

तिनं वळून माझ्याकडं बघितलं.

"टेका काढ," मी म्हणालो. "मी आहे इथंच."

तिनं करंगळी उचलली. हात अधांतरी राहिला, आणि पेन गोल फिरायला लागलं. आणि मी, दहा फुटांवरून केसाएवढी चूक पकडणारा कय्युम पेंटर, मान वर करून समोरच्या भिंतीवरची पाटी वाचत बसलो. 'कृपया शांतता राखा.' त्यातला 'ख' जरा वाकडा होता. "झालं, अब्बा," असं ती म्हणेपर्यंत मी ती पाटी पुन्हा पुन्हा वाचत होतो.